सातचा खेळ

पोस्टर काल आलं, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून.
सगळं काळं. खालच्या कोपऱ्यात एक उजेडाची खिडकी,
गव्हाच्या दाण्याएवढी, आणि तारीख.
काचेमागे लावलं, चार टाचण्या मारून,
मग रस्ता ओलांडून बँकेच्या पायरीवर जाऊन उभी राहिले,
लांबून कसं दिसतं ते बघायला.
लांबून काहीच दिसेना. काचेत मीच होते.

अजून एकोणीस दिवस.
स्कारबी गावात एकच पडदा, एकशे बारा खुर्च्या,
नऊ मोडक्या.
तिकिटं मी फाडते, लाह्या मी फोडते,
प्रोजेक्टर लेनर्टचा पोरगा चालवतो, शाळा सुटल्यावर.
मोंटानाच्या या टोकाला पिक्चर नेहमी उशिरा पोचतात,
शहरात सगळं बोलून झाल्यावर.
हा मात्र पहिल्याच शुक्रवारी. मी चार पत्रं लिहिली त्यासाठी.

आणि करतंय कोण, तर वोयचिक बहिणी!
त्यांच्या मागच्या पिक्चरमध्ये एक बाई शर्टाला इस्त्री करते.
नुसती इस्त्री. कॉलर, मग बाह्या,
आणि तिसऱ्या बटणापाशी आपल्याला कळतं
हा शर्ट आता कुणी घालणार नाही.
रक्त त्या दाखवत नाहीत.
रक्त आपण घरून नेतो.

एडना व्होल्ड म्हणाली, नाताळाच्या तोंडावर
असली काळी गोष्ट कशाला, ऑर्लीन?
एडनाबाई, सत्तर हिवाळे काढलेत तुम्ही इथे,
चार वाजता अंधार पडतो,
असं म्हणणार होते.
म्हणाले, लाह्या फुकट ठेवीन.

कादंबरी मी अकरा वेळा वाचली. वाचनालयाचीच प्रत,
पाठ उसवलेली, कुणाच्या तरी कॉफीचं वर्तुळ.
पान दोनशे चौदावर पेन्सिलीनं लिहिलंय : इथे थांब.
अक्षर बाईचं वाटतं.
मी कधी थांबले नाही.

त्या पानावर तो येतो.
नाव नाही त्याला, चेहरा नाही,
लेखकानं एवढंच दिलंय, की दार लोटल्यावर
आत येण्याआधी तो बूट पुसतो.
एक. मग दुसरा. मग पहिला पुन्हा.

माझे वडील असेच पुसायचे.
आर्विड ट्वेट, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला बसायचे,
अंगभर गव्हाची धूळ, खिशात माझ्यासाठी लिमलेटची गोळी.
माणूस मारणं सोडा, माझ्यावर कधी हात उगारला नाही.
पण मी ते पान पहिल्यांदा वाचलं
तेव्हा त्यांना पुरून महिनाच झाला होता,
आणि त्या रिकाम्या चेहऱ्याच्या जागी ते आपसूक जाऊन बसले,
खड्ड्यात पाणी उतरावं तसे.
तेव्हापासून अकरा वेळा माझ्या बापानं
ते दार लोटलंय.
आता नुसती आठवण आली तरी
मी आधी त्यांचे हात बघते.

म्हणून हा जीव टांगणीला.
कुणी नवा नट घेतलाय म्हणे, लांब मानेचा, परदेशी.
ये बाबा, लवकर ये.
भिंतीएवढा हो, स्वतःचं नाक-डोळे घेऊन ये,
दार तू लोट, बूट तू पूस,
आणि माझ्या म्हाताऱ्याला घरी जाऊ दे.

पण काल रात्री काचेचा दिवा मालवताना
पोटात एकदम गोळा आला.
त्या बहिणींना मी ओळखते.
काय गाळायचं ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.
त्यांनी चेहरा दाखवलाच नाही तर?
नुसतं पायपुसणं. नुसते बूट.
एक. मग दुसरा.

तिसऱ्या रांगेतली स्प्रिंग तेवढी बदलायला हवी,
सात नंबरची.
तिथे मी बसणार आहे.