जर्मनचं पातेलं

पूर ओसरला तेव्हा भिंतीवर एक रेघ उरली,
माझ्या खांद्याइतकी उंच.
तिच्यात काड्या, थर्माकोलचे दाणे, मेलेल्या मुंग्या
आणि बी.

सगळ्यांनी आपापल्या भिंती धुतल्या.
मी आधी खरवडली,
लग्नातल्या जर्मनच्या पातेल्यात.
बुडाला भोक पाडलं नाही;
चिखलातल्या जिवाला चिखलच लागतो.

हरिपुरात बियांची ददात नाही. संगमावर
कृष्णा आणि वारणा एकमेकींचं सामान तपासत नाहीत.

करंजाची शेंग मी बादलीत सोडून पाहिली.
एकवीस दिवस तरंगली,
बाविसाव्या सकाळी तळाशी.
कसईचा मणी त्याच्या आधीच गेला.
शंकेश्वराचं काटेरी बोंड काही बुडेना,
शेवटी म्हशीनं बादलीत तोंड घातलं
तेव्हा तिच्या हनुवटीला चिकटून
वेगळ्याच रस्त्यानं निघून गेलं.

पंधरवड्यात पातेलं हिरवं झालं.
लव्हाळा. माका. पाणलवंग,
सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखी.
एक रोप मात्र ओळखू येईना.
पानाला करवत, देठ तांबूस,
चुरगळलं तर ओल्या हळदीच्या जवळचा,
पण हळदीचा नव्हे असा वास.

शिदू आंबी होडी बांधून वर आला,
पान दाताखाली धरलं, थुंकला.
"आपल्या काठाचं न्हवं हे. वारणेचं."
कशावरून?
"कृष्णेचं असतं तर मला ठावं असतं की."
त्याचा मेहुणा समडोळीचा.
त्यानं तितक्याच खात्रीनं
ते कृष्णेवर ढकललं.

मी उपटलं नाही. फुलेल तेव्हा कळेल म्हटलं.
उन्हाळ्यात दोनदा माना टाकल्या त्यानं,
दोनदा तांब्याभर पाण्यावर उठून बसलं.
फुलायचं नाव नाही.

मग पुन्हा आयर्विनवर त्रेचाळीस फूट. चव्वेचाळीस.
पोती माळ्यावर, म्हशी माळावर,
आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर,
आणि पातेलं पायरीवरच राहिलं.

परतलो तर रेघ नवी,
मागच्यापेक्षा चार बोटं खाली.
पातेलं नाही.

बुडालं असेल.
पण अर्धंच भरलेलं होतं, आणि जर्मन हलकं.
शिदू म्हणतो, म्हैसाळच्या बंधाऱ्याला अडकलं असंल.
असेल तर कुणाला तरी दिसेल:
आत एक बिननावाचं रोप,
आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी
सौ. सुलोचना पारिसा मगदूम, हरिपूर,
मामांकडून सप्रेम भेट.