आल्बोर्गचं तेल

दीराने आल्बोर्गहून बाटली पाठवली,
सोनेरी तेलाची, मधासारखी.
लेबलवर एक हरीण, मागे हिरवंगार रान.
आमच्या गावात झाड नाही एकही,
पण भेट ती भेट.
गेर्थने सोबत लिहिलं होतं:
बंदुकीला लोण्यासारखं लागतं, बघा वापरून.

एनोकने लावलं. मला न विचारता.
त्याची बंदूक, माझं टेबल,
असा आमचा जुना करार.
बोल्टच्या खाचेत, स्प्रिंगवर,
फायरिंग पिनच्या बारीक अंगावर
हात सैल सोडून ओतलं,
पाहुण्याला आग्रहाने वाढावं तसं.

फेब्रुवारी. उणे छत्तीस.
सूर्य डोकावतो, बसत नाही.
सीलच्या श्वासभोकापाशी
एनोक पाच तास डोळ्यांत तेल घालून उभा,
आणि बंदुकीतलं तेल
गोठून बसलेलं.
ट्रिगर ओढला तेव्हा पिन निघाली
भरझोपेतून उठवलेल्या माणसासारखी.
पोचली, पण ठोसा न देता.
टक्.
भोकातलं पाणी एकदा हललं
आणि पुन्हा सपाट झालं.

त्या रात्री कुत्री ओरडली नाहीत.
ओरडायलाही पोटात काही लागतं.
एनोक बोलला नाही.
बंदूक मात्र रोजच्यासारखी थंड पडवीत न टांगता
आत आणली, माझ्या टेबलावर ठेवली,
आणि बूट काढत बसला कितीतरी वेळ.
म्हणजे विचारलंच की त्याने.

उबेत आलं की लोखंडाला घाम फुटतो.
आधी तो पुसायचा.
मग बोल्ट सुटा करून
वाटीभर रॉकेलमध्ये.
उशीच्या जुन्या अभ्र्याच्या चिंध्या केल्या,
सोनेरी होतं ते तपकिरी होऊन बाहेर आलं,
चिकट, हट्टी,
जणू त्याला परत जायचंच नव्हतं.

आता लावायचं काय?
शिवणयंत्राचं तेल आहे माझ्याकडे, पाण्यासारखं पातळ.
उन्हाळ्यात होडीवर खारं पाणी उडतं,
एका रात्रीत नळीवर तांबूस गंज चढतो,
तेव्हा तेच देते, सढळ हाताने.
पण या महिन्यात त्याचाही भरवसा नाही.
माझे वडील सीलच्या चरबीवर वाढलेला माणूस,
जेवणापासून दिव्यापर्यंत सगळीकडे तीच,
बंदुकीला मात्र हिवाळ्यात लावू देत नसत.
म्हणायचे, थंडीत लोखंडाला उपाशी ठेव, बिबियाना,
उपाशी असलं की लवकर उठतं.

पिपालुक समोर भागाकार करत होती.
तिची मऊ पेन्सिल मागितली.
"परत देशील?"
"अर्धी."
सुरीने शिसं खरवडलं, बशीत काळी पूड पडली,
चिमटीभर, नखावर मावेल एवढी.
बोटाने बोल्टवर चोळली,
खाचेत, कडेला,
मागेपुढे, मागेपुढे,
आणि पोलाद कोरडंच सरकू लागलं
एखाद्या खऱ्या उत्तरासारखं.
पिपालुकने विचारलं, "बाबांची बंदूक आता गणितं करणार?"
एनोकने तिच्याकडे पाहिलं,
माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं.
मग उठून बंदूक पडवीत नेऊन टांगली,
तिच्या थंडीत, तिच्या जागी.

गुरुवारी कुत्री ओरडली, पोटभर.

गेर्थचा फोन आला रविवारी.
"तेल कसं आहे?"
"उत्तम," मी म्हटलं.
आणि खोटं नव्हतं ते:
स्वयंपाकघराच्या आतल्या दाराला घातलंय,
बारा वर्षं कुरकुरणारी बिजागरी
आता मांजरीच्या पावलांनी फिरते.
पलीकडच्या खोलीत एनोक हसला,
दहा दिवसांत पहिल्यांदा.

एकच झालंय.
पहाटे चारला तो निघायचा,
तेव्हा ते दार मला सांगायचं.
अर्धवट झोपेत मी कूस वळवायचे
आणि मनात म्हणायचे, गेला.
आता जाग येते तेव्हा
शेजारची जागा गार असते,
आणि किती वेळापासून गार आहे
ते हात ठेवूनही कळत नाही.