उघडेल दुपारपर्यंत

इंग्रज माणूस म्हणे शेजाऱ्याशी
वीस वर्षं फक्त हवामानावर बोलतो.
ग्रिम्सबीतल्या आमच्या गल्लीत ग्लेंडा औथवेट
पहिल्याच दिवशी, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवता ठेवता,
पित्ताशयाची अख्खी कथा सांगून मोकळी झाली,
वर टाके दाखवायला स्वेटर उचलला.

चहाला ती डबक्याचं पाणी म्हणते.
चाळीस वर्षं गोदीत हॅडॉक चिरले,
म्हणून चिप्पीत जाऊन नुसते चिप्स घेते.
आणि रांग?
"गुडघा, पोरा, गुडघा," म्हणत सरळ पुढे.

थंड रक्ताचे लोक, असं कोण म्हणालं होतं?
शनिवारी संघ हरला की
भिंतीपलीकडच्या शिव्यांनी
माझ्या मांडणीतल्या बशा वाजतात.

एकेक समजूत मी खोडत आणली होती.

फेब्रुवारीत तिचा डेरेक गेला.
मी दारात, हातात सुपाचं पातेलं,
जिभेवर कुठल्याच भाषेतला शब्द नाही.
"सॉरी हं," तीच म्हणाली, "तुला उगाच त्रास."
मग माझ्या खांद्यावरून आभाळाकडे बघत,
"उघडेल वाटतं दुपारपर्यंत."

"हो, वारा पडलाय," मी म्हणालो.
"काल फार होता."
"काल फारच."
"त्याला वारा सोसायचा नाही."
"नाही ना?"
"नाही."

असे किती वेळ उभे होतो कोण जाणे.
सूप गार झालं.
त्याचीही माफी
तिनंच मागितली.