उजेडाकडे धरून

सहा तास उपाशी. पाणी चालतं.
बोटाच्या थेंबात साखर एकशे अठरा.
"जमते काकू," पोरगा म्हणाला,
गळ्यात बिल्ला: प्रज्योत बोकडे.
शिशाच्या डबीतून त्यानं सुई काढली
चिमट्यात विंचू धरावा तशी, अंग लांब ठेवून,
आणि माझ्या दंडाशी मात्र
अगदी जवळ बसला.

मग तासभर एकटीनं पडायचं.
बोलायचं नाही, मोबाईल नाही, कूस बदलायची नाही.
"जे काम करून राहिलं ते साखर खाते काकू,
अन् मग फोटोत उगाच उजळते."
म्हणजे जीभसुद्धा गप्प.
बत्तीस वर्षं मी पोरांना हेच सांगितलं,
हाताची घडी, तोंडावर बोट,
आता कळतंय किती अवघड असतं ते.
बाहेर रामदासपेठ सेहेचाळीसवर तापलेली,
आत मशीनला ऊन सोसत नाही,
म्हणून मे महिन्यात मी दोन ब्लँकेटांत.

बाबा तांडापेठेत मागावर बसायचे.
लुगडं उतरलं की दारापाशी न्यायचे,
दोन्ही हातांनी उजेडाकडे धरायचे
आणि बोलायचे नाहीत.
मांडीवर न दिसलेला सुटका धागा
तिथं दिसायचा.
दिसला तर काय करता, मी विचारलं होतं.
"काय करणार? दिसला म्हणजे
निदान गिऱ्हाइकाशी खोटं बोलावं लागत नाही, पोरी."

हात डोक्यावर घ्या.
डावा जातो. उजवा, ज्या बाजूचं काढलं त्या बाजूचा,
कानाशी येऊन थांबतो.
प्रज्योत उशी सरकवतो, काही विचारत नाही.
मशीन हिंदी बोलतं: साँस रोकिए.
रोकते, बाप्पा.

हा तिसरा.
पहिल्यात मणक्यात तीन दिवे, यकृतात एक.
दुसऱ्यात मणक्यातले मिणमिणते,
यकृतातला होता तसा.
इंगोले मॅडम म्हणाल्या, स्टेबल.
त्या संध्याकाळी यांनी खव्याची जिलेबी आणली,
जणू मी मॅट्रिक झाले.
आता गोळी बदललीय. गोळीचं खरंखोटं
फोटोच सांगणार.
'प्रोग्रेशन' आलं तर वाईट, हे मला
समजावून सांगावं लागलं.
किती प्रगतिपुस्तकं भरली मी या हातानं,
हा शब्द असा उलटा कधी भेटला नव्हता.

घरी अश्लेषा, सातवा महिना.
आज तिच्याजवळ जायचं नाही,
माझ्यातून अजून काहीतरी निघतंय.
ती पुढच्या खोलीत कूलरसमोर,
मी मागं, गच्चीच्या जिन्याखाली,
एकाच घरात फोनवर बोलतो.
ती व्हॉट्सॲपवर सोनोग्राफी पाठवते:
काळ्या पाण्यात नाकाची पांढरी रेघ.
"आई, कोणावर गेलंय?"
मी मोठं करून पाहते. ढग.
तुझ्या सासऱ्यावर, मी लिहिते,
त्यांचंही काही स्पष्ट दिसत नाही कधी.
भिंतीपलीकडून हसू येतं.

दर दोन तासांनी ते अर्धं होतं म्हणे.
नऊला टोचलं तेव्हा मी सोळा आणे.
अकराला आठ. एकला चार.
तीनला दोन.
पाचला एक आणा उरले,
तरी दारातूनच पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं.
मॅडमची वेळ धंतोलीत सहाची.
यांना दम नाही, चिकटवलेलं उघडलं,
फिल्म काढली, चष्मा कपाळावर
आणि ट्यूबलाईटखाली उभे.
इंग्रजी रिपोर्ट टेबलावर पालथा.
यांना त्यातलं काही कळत नाही.
माझे पाय वर, डोकं खाली धरलंय.
पण दोन्ही हातांनी धरलंय,
आणि बोलत नाहीत.

मी म्हणते, तिथं नको,
दारापाशी घ्या.
तिथं उजेड बरा आहे.