पेरूचा रकाना

भवानी पेठेतल्या कारखान्यात
मी एकोणीस वर्षं विक्रीची वही लिहिली.
आडव्या ओळी तिमाहीच्या, उभे रकाने जामचे:
मिक्स फ्रूट, अननस, स्ट्रॉबेरी, अंजीर
आणि समासाला चिकटून, अंग चोरून, पेरू.

मिक्स फ्रूटची कधी काळजी नव्हती.
शाळा उघडल्या की फुगायचा,
दिवाळीच्या सुट्टीत बसायचा.
अननस दोन हजार आठला घसरला,
कुणी साधी चौकशी केली नाही.
स्ट्रॉबेरी लोक महाबळेश्वरहूनच आणू लागले
तरी आमचीही खपत राहिली. का, ते ठाऊक नाही.
अंजीर सासवडकडचं, महाग;
लेबलावर ‘साखर कमी’ छापलं त्या वर्षी
बाणेर-औंधनं ते डोक्यावर घेतलं.
साखर तेवढीच होती.
हे कढईवरच्या लोणारेबाईंना माहीत, वहीला नाही.

पेरूचं मात्र
चाळीस. बावीस. नऊ.
मग दोन.
दोन. दोन. पाच वर्षं, दर तिमाहीला दोन.

एवढं इमानी गिऱ्हाईक कोण, म्हणून
एका शनिवारी सायकल काढली.
नाना पेठेतला दुकानदार हनुवटीनं म्हणाला,
समोर. बगाडे टेलर.

बगाडे काज करत होते, मान वर न करता म्हणाले,
जाम होय? तो शेजारची पोरं चाटतात.
मला बरणी लागते.
फळीवर आमच्याच बरण्या, झाकणं घट्ट:
शर्टाची पांढरी बटणं, सफारीची तपकिरी,
गणवेशाची निळी,
एकीत नुसती एकेकटी, जोड नसलेली.
मग पेरूच का?
सगळ्यात स्वस्त तोच, म्हणाले.
माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण गेलेलं त्यांनी पाहिलं,
त्या शेवटच्या बरणीतलं एक लावून दिलं.
दोन रुपये घेतले.

दोन हजार चौदाला काच गेली, प्लास्टिक आलं.
त्या तिमाहीत पेरू: शून्य.
पुढच्यातही.

काल मालकांच्या मुलानं भिंतीवर आलेख पाडला.
एक लाल रेघ उतरत आली, थोडी सपाट चालली,
मग जमिनीला टेकली.
लोकांची चव बदलली, तो म्हणाला,
आणि माझ्याकडे वळून, काका, तुम्हाला काय वाटतं?

मार्चअखेर मी निवृत्त होतोय.
काही नाही म्हणालो,
आणि सुटलेलं दुसरं बटण,
बाकीच्यांहून किंचित पिवळट,
लावून घेतलं.