निळी वही

सरकारी खिडकी बंद झाली त्या दिवशी
तिच्यासमोरचा बाक कुणीतरी उचलून
माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढे आणून ठेवला.
कुणी, ते पेश्कोपीत अजून कुणालाच ठाऊक नाही.
मी समजले, ही माणसं आता माझी.

वह्या, कंपासपेट्या, वाढदिवसाच्या मेणबत्त्या,
एक प्रिंटर,
आणि काचेवर सरकारी कागद: आता सगळं घरबसल्या.
घरबसल्या!
लिंडनच्या झाडांखालून काठी टेकत टेकत
येतात सगळे माझ्याकडेच.
दाखल्याचे शंभर लेक.
विधवांना म्हणते, सुटे नाहीत, राहू दे.

ड्रॉवरमध्ये एक निळी वही आहे,
तिच्यात अख्ख्या गल्लीचे पासवर्ड.
लुल्येताचा म्हणजे तिच्या मेलेल्या गायीचं नाव.
बाफ्तियार मास्तर दर महिन्याला विसरतात,
दर महिन्याला नवा, आधीचा खोडून.
कुणाला पेन्शन किती,
कुणाचा मुलगा बर्गामोत खरंच कामाला आहे
आणि कुणाचा नुसता तसं कळवतो,
सगळं त्या ड्रॉवरला माहीत.

राजधानीतून एक मुलगी आली होती पाहणी करायला.
लोक तयार आहेत का, तिनं विचारलं.
म्हटलं, आहेत की.
किल्ली कुणाकडे असते ते फक्त विचारू नकोस.
तिनं पहिलं वाक्य लिहून घेतलं.

मग नोव्हेंबरात दालिप आला,
एक्याऐंशीचा, कोटाला चुलीच्या धुराचा वास.
नातीचं लग्न, तिकडे परदेशात,
कुटुंबाचा दाखला हवा.
आधी खातं उघडावं लागेल, मी म्हटलं.
नाव सांगितलं. गाव सांगितलं.
वडिलांचं नाव?
त्यानं वळून दाराकडे पाहिलं.
दारात फक्त बाक होता आणि बाकावर लुल्येता.
‘ते लिहायलाच हवं?’

मला आईनं सांगितलेलं तेवढंच माहीत.
त्या काळी प्रत्येकाची एक बिओग्राफी असायची,
चांगली नाही तर वाईट,
आणि ती लिहिणारा दुसराच कुणीतरी.
दालिपची वाईट निघाली, बापाच्या नावापायी.
आठवीनंतर शाळा नाही.
सैन्यात बंदुकीऐवजी कुदळ.
बहिणीचं ठरलेलं लग्न
एका रविवारी, जेवणाआधीच, मोडलं.

लिहायची गरज नव्हती खरं तर.
ओळखपत्राचा नंबर टाकला, बटण दाबलं,
चौकटीत नाव आपसूक उमटलं.
सेफेर.
त्यानं चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.
‘अजून आहे म्हणजे त्यांच्याकडे,’ म्हणाला,
शेजाऱ्याच्या गोठ्यात
आपली हरवलेली शेळी उभी दिसावी तसा.

आणि मग: ‘आणखी कोण कोण बघतं हे?’

मी तोंड उघडलं.
काचेवरच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं.
प्रिंटर उगाचच घरघरला.

पासवर्ड सांगा, मी लिहून ठेवते, म्हटलं,
वही काढली.
त्यानं तळहात ठेवला वहीवर.
जड हात. कुदळीचा.
‘तू चांगली आहेस गं,’ म्हणाला, ‘पण तिकडे बघ.’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
एका बोटानं टाइप करत होता,
प्रत्येक अक्षर आधी शोधून, मग ठोकून.
पाच वेळा ठोकलं. थांबला.
आकडेही हवेत, मशीन म्हणालं, मी वाचून दाखवलं, न वळता.
मग चार वेळा, सलग, न शोधता,
पाठ असलेलं साल असावं तसं.

मी काही मोजलं नाही असं मी ठरवलं आहे.

दाखला निघाला. कोपऱ्यात छापील शिक्का.
दालिपनं त्यावर अंगठा फिरवला, शाई लागली नाही.
तरी दोनदा फुंकर घातली,
घडी घालून आतल्या खिशात ठेवला.
शंभर लेक मोजून दिले, सुटे.

बाकावरून लुल्येता ओरडली:
माझं आधी कर बाई, दूध उतू जाईल घरी.
माझा आहे ना तुझ्याकडे? अकराव्या पानावर बघ.