आठ चौकोन

कुताइसीत रात्रीचे पावणेदोन.
खाली रिओनी दगडांशी हुज्जत घालते आहे
आणि इथे पडद्यावर,
जिथे त्याचं नाव यायला हवं तिथे
आठ रिकामे चौकोन.

परवा सेवेरियानचा चाळिसावा दिवस.
रांजण घडवायचा तो. माणूस आत उभा राहील एवढे.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे, रस भरायचा,
वर झाकण, झाकणावर माती,
मग वसंतापर्यंत कुणी उकरायचं नाही.
त्याच्या मुलीने, त्सिआलाने, बारीहून पैसे पाठवलेत:
अकरा मिनिटांची फिल्म, शेवटी नाव आणि दोन तारखा.
तारखा आल्या. आकड्यांना कुठलाच फॉन्ट नाही म्हणत नाही.
नाव अडलं.

आमची अक्षरं बघितलीत कधी?
वेलीचे ताणे, सुरईचे कान,
अंगाचं वेटोळं करून झोपलेलं मांजर.
डोक्यावर रेघ नाही,
दोरीवर वाळत घातल्यासारखी ती लोंबत नाहीत.
आणि कोपरा तर एकालाही नाही.
चौकोन म्हणजे सॉफ्टवेअरने उडवलेले खांदे:
मला नाही माहीत बुवा.

कॅश पुसली. बंद केलं, चालू केलं.
पुन्हा कॅश पुसली, या वेळी जरा रागाने.
उघडताना ते 'फॉन्ट वाचत आहे' म्हणतं आणि थांबतं,
नेमका नको तो धडा वाट्याला आलेल्या पोरासारखं.
चारशे बारा फॉन्ट. कधी जमवले मी हे?
लग्नांचे, बाप्तिस्म्यांचे,
एका दंतवैद्याच्या जाहिरातीसाठी घेतलेला तो दातेरी.

अर्धे बंद कर. चौकोन आहेत? आहेत.
म्हणजे चोर उरलेल्या दोनशे सहांत.
त्यांतले अर्धे. एकशे तीन. आहेत.
एक्कावन्न. नाहीत!
मग दुसरी बावन्न उघड, त्यांचे अर्धे कर...
तीन वाजून दहा मिनिटांनी सात उरले
आणि सातांत एकाच नावाचे दोन.

एक नवा, शहाणा, प्रत्येक अक्षर आपापल्या घरी.
दुसरा तेंगिझचा, दोन हजार तीन सालचा.
छापखान्यात दिवसाला चार तास वीज यायची तेव्हा.
तेवढ्यात त्याने आपलंच हस्ताक्षर स्कॅन करून
तेहतीस अक्षरं रोमन अक्षरांच्या खोल्यांत घुसवली,
पोटभाडेकरू म्हणून.
सॉफ्टवेअर नाव बघतं, फाइल बघत नाही.
एक हाक मारली, दोघांनी ओ दिली,
पुढे आला म्हातारा.
त्याच्याकडे हे अक्षर या पत्त्यावर नव्हतंच.
दोन घरचा पाहुणा उपाशी.

फोन वाजला. त्सिआला.
कुणाच्या तरी आजारी आईच्या उशाशी रात्रपाळी करते ती,
माझ्यासारखीच जागी.
मी चौकोनांचा फोटो पाठवला होता.
मला वाटलं रडेल.
'बाबांनी जन्मात एक कोपरा घडवला नाही,' ती म्हणाली,
'आणि तू त्यांना आठ खोक्यांत भरलंस?'
मग इतकी हसली की आत कुणीतरी इटालियनमध्ये ओरडलं.

तेंगिझला सरळ उडवता येत नव्हतं.
माझी साठेक जुनी लग्नं त्याच्या अक्षरांवर उभी आहेत,
तो गेला की वधू-वरांच्या जागी
नुसती रोमन बाराखडी बरळत सुटेल.
शिवाय त्याच्या 'व'ची शेपटी.
तशी शेपटी आता कुणी काढत नाही.
वेगळं फोल्डर केलं, त्यात ठेवला,
फोल्डरला नाव दिलं: उठवू नये.

चार वाजता नाव आलं.
आठही गोल.
ओळ दोन पिक्सेल खाली बसली आहे, मला दिसतंय,
आणि नवा 'व' जरा जास्तच सरळ वागतो.
असू दे.
एक्स्पोर्ट. उरलेला वेळ सदतीस मिनिटं.
मग बावन्न.
मग पुन्हा सदतीस.
मी किटली ठेवते.